कंठात राखलेले ग्रंथ

नाशिककर श्रोतेहो, नमस्कार.

प्राचीन संस्कृतींच्या मूलग्रंथांचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे पोथी उभी राहते; परंतु यांतले कितीतरी ग्रंथ लिहिले जाण्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या तोंडी होते आणि लिहिले गेले तेही नेहमी पानावरच नव्हे.

बॅबिलोनमध्ये नववर्षाच्या उत्सवात चौथ्या दिवशी मर्दुक देवापुढे विश्वाच्या उत्पत्तीचे काव्य म्हटले जाई. ते सात मातीच्या पाट्यांवर कोरलेले होते. अश्शूरची राजधानी निनवे येथील असुरबानिपाल राजाच्या संग्रहात गिलगमेश या पुराणप्रसिद्ध वीर राजाच्या कथेच्याही पाट्या होत्या. इसवी सनपूर्व ६१२ मध्ये शत्रूने ते नगर जाळले, तेव्हा कुंभाराच्या आव्यात भाजावीत तशी त्यांतली बरीच अक्षरे पक्की झाली. पुढे १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथ या इंग्रज अभ्यासकांनी गिलगमेशकथेच्या अकराव्या पाटीवरची महापुराची कथा वाचून दाखवली. आपल्या शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातली मनू आणि माशाची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती ओळखीची वाटेल.

ऋग्वेदाची तऱ्हा मात्र अगदी निराळी. दहा मंडले आणि १०२८ सूक्ते एवढा हा संभार लेखनावाचून राखला गेला, आणि तो नुसत्या घोकंपट्टीने नव्हे, तर चूक झाल्यास ती लगेच उघडी पडेल अशा योजनेने. ‘अग्निमीळे पुरोहितम्’ हे पहिलेच शब्द घ्या. पाठांतराच्या जटापाठ या पद्धतीत ‘अग्निमीळे, ईळेऽग्निम्, अग्निमीळे’ अशी दोन पदांची उलटसुलट वीण घातली जाते, तर घनपाठ या दुसऱ्या पद्धतीत तिसरे पद मिसळून ती आणखी घट्ट होते. त्यामुळे एखादे पद गळले किंवा बदलले तर पुढची सारी गुंफणच विस्कटते. (त्या ‘ईळे’मधला ‘ळ’ आपल्या मराठी कानाला किती घरचा वाटतो!)

आता आपल्या गावाकडे वळू. पांडवलेण्यांचा पांडवांशी संबंध नाही, हे आपण सारे जाणतो. ही बौद्ध भिक्षूंची लेणी. तरीही तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेने वासिष्ठीपुत्र पुळुमावी या सातवाहन राजाच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी जो प्राकृत लेख कोरवून घेतला, त्यात तिच्या पुत्राचा, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्या तोडीचा म्हटला आहे. हे भीमार्जुन कोण, याचा खुलासा लेखात कुठेही नाही, कारण ऐकणाऱ्याला तो लागतच नव्हता; म्हणजे सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी भारतकथा या परिसरात सर्वतोमुखी असली पाहिजे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून ठरवलेला पाठ, पुरी केली, तिच्यासाठी जमवलेल्या हस्तलिखितांहून हा कातळ कितीतरी शतकांनी जुना आहे.

केशवाच्या जोडीने आलेला तो राम बलराम असावा, असे अभ्यासक मानतात. याच लेखात पुढे नहुष, ययाती आणि अंबरीष या पुराणांतल्या राजांच्या पंक्तीला आणखी एक राम येतो. तो बहुधा आपला पंचवटीतला.