यशवंत तलावावर अगस्ती

दृश्य: दिवेलागणीचा तलाव, टाइमलॅप्स

नंदुरबार जिल्हा, अक्राणी तालुका, आणि हा तोरणमाळचा यशवंत तलाव. शहाद्याहून निघून सातपायरीचा घाट चढून आलं की आपण हजार मीटरच्या वर पोचतो, तापीच्या खोऱ्यातली धूळ, धूर सगळं खालीच राहतं, आणि जानेवारीत अमावस्येच्या आसपास हे आकाश कसं उघडतं ते तुम्हीच बघा, मी थोडा वेळ बोलत नाही.

(चाळीस सेकंद निवेदन नाही)

इथं येणार असाल तर पहिला अर्धा तास मोबाइल खिशातच ठेवा. अंधारात आल्यावर डोळ्याची बाहुली लगेच मोठी होते, पण खरं काम आत चालतं, पडद्यावर ऱ्होडॉप्सिन नावाचं द्रव्य असतं, ते उजेडानं विरतं आणि परत साठायला 20-30 मिनिटं जातात. एकदा स्क्रीन बघितली की परत सुरुवातीपासून. म्हणून आमच्या सगळ्या टॉर्चवर लाल जिलेटिन कागद गुंडाळलेला दिसतोय, लाल उजेडाचा या द्रव्यावर फारसा परिणाम होत नाही.

आता दक्षिणेकडे बघा, पाण्याच्या बाजूला. वर झगझगीत आहे तो व्याध, आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. तिथून जवळजवळ सरळ खाली या, डोंगराच्या रेषेच्या थोडं वर एकटाच एक तारा आहे, हा अगस्ती. तेजात व्याधाच्या खालोखाल याचाच नंबर. व्याधाचा उजेड आपल्याकडे यायला साडेआठ वर्षं लागतात, अगस्तीचा यायला तीनशेच्या वर. जानेवारीच्या मध्यावर रात्री अकरा-साडेअकराला तो सगळ्यात उंच येतो, आणि सगळ्यात उंच म्हणजे तरी किती, हात सरळ लांब करून मूठ धरली तर क्षितिजापासून दीड मूठ. पंधरा अंश. दिल्लीत तर नऊसुद्धा भरत नाहीत आणि युरोपच्या बहुतेक भागात तो उगवतच नाही.

आणि वारा पडला की तो खाली पाण्यात पण दिसतो. हा शॉट मिळायला बराच वेळ थांबावं लागलं कारण जराशी झुळूक आली की प्रतिबिंब मोडतं, पण बघा.

जुनी समजूत अशी की भाद्रपदाच्या सुमारास पहाटे अगस्ती दिसायला लागला की नद्या-तळ्यांचं गढूळ पाणी निवळतं. यात हिशोब आहे. काही महिने हा तारा सूर्याच्या उजेडात हरवलेला असतो, ऑगस्टच्या उत्तरार्धात पहाटे परत दिसू लागतो, आणि तेव्हाच पावसाचा जोर ओसरायला लागलेला असतो. गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे, विंध्य वाढत चालला होता, अगस्ती म्हणाले मी दक्षिणेला जाऊन येतो तोवर वाकून राहा, आणि परत आलेच नाहीत. आपण उभे आहोत तो सातपुडा, मधे नर्मदा, पलीकडे विंध्य, आणि तारा दक्षिणेला.

दृश्य: उत्तरेकडचे स्टार ट्रेल्स (बराच वेळ घेतलेल्या फोटोत ताऱ्यांच्या फिरण्याच्या उमटलेल्या रेघा)

या गोल रेघांच्या मधोमध ध्रुव. तो क्षितिजापासून जितके अंश वर तितका आपला अक्षांश, इथं साधारण 22, म्हणजे दोन मुठी आणि वर थोडं. ईशान्येकडून सप्तर्षी वर येतायत. गावाकडं यालाच म्हातारीची बाज म्हणतात, चार तारे बाजेचे पाय आणि मागे ओळीनं आहेत ते तीन चोर. आणि डोक्यावरचं मृग. जूनच्या 7-8 तारखेला मृग लागला म्हणून आपण वावराकडं बघतो, पण त्या दिवसांत सूर्यच मृगात असतो म्हणून मृग दिसतच नाही, तो मन भरून बघायचा तो या थंडीत. पट्ट्याचे तीन तारे म्हणजे हरणाला लागलेला बाण.

खान्देशाला हा अभ्यास नवीन नाही बरं का. चाळीसगावजवळ पाटणादेवीला एक शिलालेख आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि इथल्या निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, ते त्यात कोरलंय. आठशे वर्षांपूर्वी आपल्याकडे ग्रहगणित शिकायला पैसे देत होते लोक.

दृश्य: दक्षिण क्षितिज, झूम

आता अगस्तीच्या खालचा हा पिवळट-पांढरा पट्टा नीट बघा. हे ढग नाहीत. खालच्या गावांचा, शहरांचा उजेड आहे, शहादा, त्याच्या पलीकडे तापीकाठची गावं. दिवा खाली रस्त्यावर पडतो तेवढाच कामाचा, पण उघड्या दिव्याचा उजेड आडवा, क्षितिजाच्या जरा वर सुटतो, तो हवेतून सगळ्यात लांब जातो आणि धुळीवर, हवेच्या कणांवर आपटून पसरतो. निळा उजेड जास्त पसरतो, आणि पांढऱ्या एलईडीत निळा भरपूर असतो. म्हणून आकाश आधी खालून पुसलं जातं. आणि अगस्ती तर खालीच असतो! हा तुलनेसाठी जळगावच्या मेहरूण तलावाचा शॉट, तोच कॅमेरा, तेच सेटिंग.

रात्रीचे किडे, स्थलांतर करणारे पक्षी, आपली झोप, या सगळ्यावर परिणाम होतोच.

उपाय महाग नाही. दिव्याला वरून आणि बाजूनं टोप, तोंड सरळ खाली, रंग पिवळसर म्हणजे 3000 केल्व्हिनच्या खाली, आणि वर्दळ संपली की बंद. आपल्याच राज्यात पेंचला हे झालंय, आसपासच्या वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून खाली तोंड केले आणि जानेवारी 2024 मध्ये पेंच भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार राखल्याबद्दल मान्यता मिळालेलं ठिकाण, झालं. अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठावर हेडलँड्सला हा दर्जा 2011 पासून आहे, लोक लांबून लांबून तिथं फक्त अंधार बघायला येतात.

तोरणमाळला सुरुवात तलावाच्या काठापासून करता येईल, पार्किंग, हॉटेलं, मग रस्ता. आणि काठावर हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचे मोठे दिवे, लावायचा ठराव कधी आला तर ग्रामसभेत आधी हा अगस्तीचा शॉट लावा, मग हात वर करा.