धान्याचं नाव नका सांगू, त्याचं काय केलंत ते सांगा

(ठाण्यात नौपाड्यात ज्येष्ठ नागरिकांसमोर एका आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित)

नमस्कार. मागे आवाज येतोय ना? स्टेशनकडून येणारे अजून ट्रॅफिकमध्ये आहेत, येऊ द्या, पुढच्या खुर्च्या रिकाम्याच असतात नेहमी. विषय फळ्यावर लिहिलाय, कार्बोहायड्रेटची गुणवत्ता आणि रक्तातली साखर. पण तुमच्यातले निम्मे जण एकच विचारायला आलेत, भात खायचा की नाही. सांगते, पण त्याआधी एक गोष्ट सांगायचीये, कारण ती आठवली की मला अजून राग येतो.

माझ्या चुलत सासूबाई कळव्याला राहतात, मूळच्या मालवणकडच्या. शुगर निघाली आणि घरच्यांनी त्याच दिवशी भात बंद केला. मालवणच्या बाईचा भात बंद, कल्पना करा! त्याऐवजी सकाळी भाकरी-भाजी सोडून नाचणीचं सत्त्व, त्यात गूळ, कारण गूळ चालतो असं कोणीतरी सांगितलेलं. दुपारच्या चहाला डायबेटिकवाली बिस्किटं, रात्री जेवण कमी आणि मोसंबीचा ज्यूस. तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, केली तर आणखी वर! आणि घरात सगळ्यांना खात्री, की आजी चोरून भात खातात. त्या बिचाऱ्या माझ्याकडे येऊन रडल्या हो.

मी तो बिस्किटाचा पुडा मागवून घेतला. पुढे हृदयाचं चित्र, मोठ्या अक्षरात शुगर फ्री. मागे बारीक अक्षरात, चष्मा लावून वाचावं लागतं, पहिलं नाव मैदा आणि पुढे माल्टोडेक्स्ट्रिन. आता माल्टोडेक्स्ट्रिन ही साखर नाही, बरोबर, पण पोटात गेल्यावर त्याचं ग्लुकोज इतकं पटकन होतं की काय उपयोग त्या शुगर फ्रीचा? म्हाताऱ्या माणसाला हे विकायचं आणि वर त्याच्यावरच चोरीचा आळ यावा, हे मला पटत नाही, कधीच पटणार नाही.

आणि सत्त्व! इथे कोण कोण घेतं, हात वर करा. अरे बापरे, ही तर अख्खी रांग. नाचणी भिजवली, वाटली, फडक्यातून गाळली, चोथा टाकून दिला. राहिलं काय, तर बहुतेक सगळा स्टार्च, तोही शिजवून पातळ केलेला. नाचणीची भाकरी आणि नाचणीचं सत्त्व ही दोन वेगळी अन्नं आहेत. गुळाचं म्हणाल तर त्यात मुख्यतः सुक्रोजच, जे साखरेत असतं तेच.

माझं म्हणणं एवढंच आहे. धान्य कुठलं हे विचारण्याआधी त्याचं काय केलं ते विचारा. किती दळलं, गाळलं, पॉलिश केलं, किती मऊ शिजवलं. पिठीसाखर खडीसाखरेपेक्षा आधी विरघळते ना, तसंच पोटातल्या पाचकरसांचं, दाणा जितका फुटलेला तितकं त्यांचं काम लवकर. टोरंटोत डेव्हिड जेनकिन्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ग्लायसेमिक इंडेक्स मांडला, म्हणजे एखादा पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती चढते याचा आकडा, शुद्ध ग्लुकोज १०० धरून. त्यात पांढरा ब्रेड ७५ च्या आसपास, आणि तुम्ही जास्त पैसे देऊन आणता तो अख्ख्या गव्हाचा ब्रेड ७४! का, तर दोन्हीकडे पीठ बारीकच. ओट्सचं बघा, साधे जाड ओट्स शिजवले तर ५५, इन्स्टंट पाकीटवाले ७९. धान्य एकच. हरभरे मात्र तिसाच्या आतबाहेर, कारण दाणा अख्खा आणि फायबर, प्रोटीन सोबत.

चिठ्ठी आली, सातच मिनिटं. बरं, भराभर सांगते.

भात. खा, पण वाटीने, आणि ताटात आधी कोशिंबीर, भाजी, उसळ, मग भात, या क्रमाने जेवणानंतरची साखर कमी चढते. चिकट तांदळात अमायलोपेक्टिन हा स्टार्चचा प्रकार जास्त म्हणून तो लवकर पचतो, बासमतीसारखा मोकळा थोडा बरा. शिजवून गार केलेल्या भातात थोडा स्टार्च पचायला अवघड होतो, पण त्यात चमत्कार नाही, आणि गार करायचा तर फ्रीजमध्ये, ओट्यावर रात्रभर ठेवू नका. कलिंगडाला घाबरू नका, इंडेक्स जास्त आहे पण त्यात बहुतेक पाणीच, एका फोडीत साखर ती किती! ज्यूस नको, फळ चावून खा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, तेव्हा एकादशीवाल्यांनो, खिचडी थोडी, दाण्याचं कूट आणि दही भरपूर. जेवल्यावर लगेच टीव्हीसमोर बसू नका, दहा-पंधरा मिनिटं तलावपाळीला चक्कर मारा, स्नायू तेव्हा रक्तातली साखर उचलतात.

आणि ज्यांना इन्सुलिन किंवा शुगर कमी करणाऱ्या गोळ्या आहेत त्यांनी जेवण एकदम कमी करू नका, साखर खाली जाऊन चक्कर येते, आधी डॉक्टरांशी बोला. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह निघालाय, तेव्हा घरात कुणाला शुगर निघाली तर लाजायचं काही नाही.

सासूबाईंचा भात आम्ही परत सुरू केला, एक वाटी, कुळथाच्या पिठीबरोबर आणि पालेभाजी जास्त. सत्त्व, ज्यूस, बिस्किटं बंद. पुढच्या तपासणीत आकडा उतरला.

आता प्रश्न. हो काका, बटाट्याचंच विचारणार ना तुम्ही? विचारा.