नावं ठेवणारे हवेत

(ऐरोली स्टेशन. सकाळची गर्दी.)

ठाण्याहून आलेली ट्रान्स-हार्बरची गाडी ऐरोलीला रिकामी होतेय. गळ्यात ओळखपत्रं, कानात इअरफोन. जिना, रिक्षाची रांग, आणि मग माइंडस्पेस या आयटी पार्कच्या काचा. पुढे रबाळे, घणसोली, महापे, सगळीकडे हेच. या काचांमागे कोणत्या भाषेत प्रोग्राम लिहायचा हे लिहिणारा ठरवत नाही, ग्राहक ठरवतो. त्याने जावा म्हटलं की जावा. परवा जन्मलेल्या भाषेला इथे गेटपास मिळत नाही.

(नौपाडा, ठाणे. शनिवार दुपार. क्लासची खोली.)

अशा नव्या भाषेची उठबस चालते ती भाड्याच्या खोल्यांत. फळ्यावर दहावीच्या बॅचची त्रिकोणमिती अजून तशीच आहे. बाकांवर बसलेले सगळे आठवडाभर नोकरीपुरती जावा लिहितात आणि शनिवारी हौसेने रस्ट, ही दुसरी एक प्रोग्रामिंगची भाषा. आजचा वाद जुनाच: भाषा कोवळी असताना तिला चारचौघांत नावं ठेवली, तर ती मरते का?

घणसोलीहून येणारी ताई वादात पडत नाही. "दादा, बोलण्याआधी चालवून दाखवू या ना," म्हणत ती लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडते.

(पडदा. डावीकडे एक टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी. उजवीकडे दुसरं.)

दोन्हीकडे त्याच चार ओळी. तीन आकड्यांची यादी केली. पहिल्या आकड्याचा संदर्भ, म्हणजे तो मेमरीत कुठे आहे याची खूण, उसना घेतला. तो छापला. मग यादीत चौथा आकडा घातला. डावीकडे रस्टचा १.३० हा २०१८ सालचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड तपासून यंत्राला कळेल असा करून देणारा प्रोग्राम, आहे. लाल अक्षरं. नकार. त्याचं म्हणणं असं की महिरपी कंस बंद होईपर्यंत उसनवारी चालूच आहे, तोवर यादीला हात लावायचा नाही. अहो, पण छापून झालं, त्या संदर्भाचं काम संपलं! नवशिक्यांनी नेमकं हेच वर्षानुवर्षं, चिडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

उजवीकडे आजचा कंपायलर. एंटर. चाललं. संदर्भाचा शेवटचा वापर कुठे झाला, ते तो आता स्वतः शोधतो. ही सुधारणा डिसेंबर २०१८ मध्ये, १.३१ बरोबर आली. मूळ नियम आजही तोच आहे, आणि तो हवाच. यादी वाढली की ती मेमरीत दुसरीकडे हलू शकते, मग जुना संदर्भ भलत्याच जागेकडे बोट दाखवत राहतो. उगाचची अडवणूक तेवढी थांबली.

(पडद्यावर जुना कोड. जागोजागी @ आणि ~.)

हा त्याहून जुना नमुना. ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये ही भाषा स्वतःच्या हौसेने करायला घेतली, २००९ पासून फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने पाठबळ दिलं. त्या काळच्या कोडमध्ये @ म्हणजे गार्बेज कलेक्शनच्या (वापर संपलेली जागा आपोआप मोकळी करणाऱ्या यंत्रणेच्या) ताब्यातली मेमरी आणि ~ म्हणजे एकाच मालकाची मेमरी. नवा माणूस बुचकळ्यात पडायचा, आणि तसं बोलूनही दाखवायचा. १५ मे २०१५ ला १.०, म्हणजे पहिली पक्की आवृत्ती, आली तेव्हा दोन्ही चिन्हं गेली होती. मूळ आराखड्यातले हलके थ्रेडही (भाषेनेच सांभाळलेले, एकाच वेळी चालणारे कामांचे धागे) गेले होते.

१.० म्हणजे फ्लॅटचा ताबा. बांधकाम चालू असताना भिंत सरकवता येते. माणसं राहायला आली की खिडकीला जाळी लावायची तरी सोसायटीला विचारा. टीकेला खरा भाव आहे तो ताब्याआधी.

(फळा. खडूने लिहिलेली नावं.)

त्रिकोणमिती एकदाची पुसली जाते. गो: गूगलने २००९ मध्ये जाहीर केली, जेनेरिक्स, म्हणजे एकच कोड अनेक प्रकारच्या माहितीसाठी वापरायची सोय, नाही म्हणून तेव्हापासून बोलणी खाल्ली, आणि ती आली मार्च २०२२ मध्ये. तोवर डॉकर आणि कुबरनेटीस ही सर्व्हरवर प्रोग्राम चालवण्याची साधनं याच भाषेत लिहून जगभर पोचली होती. डार्ट: हीही गूगलचीच, २०११. क्रोममध्ये तिचं स्वतंत्र इंजिन बसवण्याचा बेत २०१५ मध्ये सोडून द्यावा लागला. पुढे मोबाइल ॲप बांधायच्या फ्लटर या साधनाने तिला हात दिला.

"म्हणजे मागे गूगल असलं की कोणी काही बोलो," मागच्या बाकावरून आवाज येतो. रास्त आहे.

म्हणून तिसरं नाव, एल्म. २०१२ पासूनची, वेब पानांसाठीची ही भाषा मुख्यतः एका माणसाची, एव्हान चॅप्लिकी यांची. २०१८ च्या ०.१९ आवृत्तीने ब्राउझरच्या जावास्क्रिप्ट या भाषेला थेट जोडण्याची एक वाट फक्त भाषेच्या गाभ्यातल्या पॅकेजांपुरती ठेवली. ज्यांचं काम त्या वाटेवर उभं होतं ते जाहीरपणे नाराज झाले, निर्णय बदलला नाही. २०१९ मध्ये ०.१९.१, त्यानंतर कित्येक वर्षं नवी आवृत्ती नाही. गंमत अशी की समजावून सांगणारे एरर-संदेश ही एल्मची खासियत, आणि २०१६ मध्ये रस्टने आपले संदेश नव्याने मांडले ते एल्मकडे पाहूनच.

नुसती नावं ठेवल्याने मेलेली भाषा आम्हाला तरी सापडली नाही. ऐकून घेणारं कोणी कामावर उरलं नाही, की मात्र अवघड होतं. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे २५० माणसं कमी केली, त्यांत रस्टवर काम करणारेही होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस, गूगल, मायक्रोसॉफ्ट, ह्वावे आणि मोझिला यांच्या आधाराने रस्ट फाउंडेशन उभं राहिलं.

(लॅपटॉपचा पडदा जवळून. तक्रारीचा मसुदा.)

आता आजचं काम. मागच्या शनिवारी एका एरर-संदेशाने या मंडळींना चुकीचा सल्ला दिला होता. रस्टमध्ये गोंधळात टाकणारा संदेश हाही बगच धरतात, तेव्हा तक्रार करता येते. पण कशी? मसुद्याचं पहिलं वाक्य होतं, 'ही भाषा शिकणाऱ्याचा छळ मांडते.' ताई ते खोडते. मग कोड कापायला घेतला जातो. ही ओळ काढली तर एरर राहतो का? राहतो. काढा. ही? गेला. परत घाला. असं करत करत कोड हातभर लांबीचा होता तो बोटभर उरतो. त्याखाली कंपायलरची आवृत्ती. मग आत्ता दिसणारा संदेश, आणि त्याखाली आपल्याला हवा असलेला संदेश, शब्दन् शब्द. इंग्रजी नीट आहे का म्हणून दोघे पुन्हा वाचतात. मग पाठवलं.

दुरुस्ती पुढे यथावकाश एका आवृत्तीत आली.

(त्याच शनिवारी, परत फळा. एकच नाव.)

पुढच्या शनिवारी झिग. २०१६ मध्ये जाहीर झालेली ही भाषा अजून १.० ला पोचलेली नाही, म्हणजे भिंती अजून सरकतात. मागच्या बाकावरच्या मुलाने तक्रारींची यादी आत्ताच काढली आहे. ताई ती वरून खाली वाचते आणि परत देते. "छान आहे रे. आता प्रत्येकीला कोड जोड."