बंबाखालच्या पेलेटचा हिशोब

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी सरली की महाबळेश्वर, पाचगणी, मेढा, पाटणच्या डोंगरी गावांत पहाटेपासून बंब पेटतात. त्यात आता काही घरांनी लाकूडफाटा सोडून पेलेट घेतले आहेत. उसाचं चिपाड, भुईमुगाची टरफलं, सोयाबीनचा भुसा किंवा लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या या कांड्या. बॉयलरला लागतो तो पांढरा कोळसा म्हणजे यांचाच जाडजूड भाऊ. पेलेट घेतलेल्या घरात एक प्रश्न हमखास निघतो: पोतं किती दिवस पुरतं?

हा प्रश्न जरा बाजूला ठेवा, कारण त्याचं उत्तर फसवं असतं. पोत्यात खरोखर किती किलो होतं, त्यात ओल किती, घरी पाहुणे होते का, टाकीतलं पाणी किती गार होतं, यातलं काहीच दिवसांच्या आकड्यात दिसत नाही. मोजायचं ते असं: किती ग्रॅम जळलं आणि त्या बदल्यात किती पाणी किती अंशांनी तापलं.

त्यासाठी तीन वस्तू लागतात. ग्रॅम दाखवणारा लटकता डिजिटल काटा, ११० अंशांपर्यंतचा काचेचा तापमापक आणि १५ लिटरची खूण केलेली बादली. तापमापक प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतो. ताप बघायचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो ४२ अंशांच्या पुढे जातच नाही.

आता एका सकाळचं उदाहरण घेऊ. पेलेटचा डबा भरून काट्याला लावला, आकडा वहीत लिहिला. बंब गार पाण्यानं भरलेला आहे. वरून एक बादली गार पाणी ओतलं की तोटीतून एक बादली गरम बाहेर पडते, हे तर बंब वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक. ओतायच्या पाण्यात तापमापक धरला, १८ अंश. बाहेर आलेल्या चारही बादल्या ढवळून मोजल्या, सरासरी ४८ अंश निघाली. म्हणजे ६० लिटर पाणी ३० अंशांनी तापलं. ६० गुणिले ३०, झाले १८००. एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला एक किलोकॅलरी लागते, त्यामुळे हा आकडा थेट किलोकॅलरीत आला. डबा पुन्हा काट्याला लावला, १२०० ग्रॅम कमी भरला. १८०० भागिले १२००, उत्तर दीड. ग्रॅममागे दीड किलोकॅलरी पाण्यात उतरली. बंबात मागे उरलेली ऊब धरायची नाही, ती दुपारपर्यंत निवूनच जाते.

हा दीडचा आकडा वहीत रोज लिहा. चांगल्या शेतमालाच्या पेलेटमध्ये ग्रॅमला साधारण साडेतीन ते चार किलोकॅलरी असतात. दीड मिळाले म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आसपास उष्णता कामी आली. उन्हाळ्यात टाकीचं पाणी २७ अंशांवर असतं आणि अंघोळीला ४२ पुरे होतात. त्याच चार बादल्यांना मग ६०० ग्रॅमच लागतात. हिवाळ्यात पेलेट दुप्पट लागले तरी आकडा दीडच राहिला, तर पेलेटवाल्याशी भांडू नका, फक्त पाणी गार आहे. आकडा सव्वावर घसरला, तर मात्र काहीतरी बिघडलेलं आहे.

आधी काजळी बघा. धुराच्या नळकांड्याच्या आत काजळीचा थर बसला की उष्णता पाण्यात न शिरता वरून निघून जाते. तारेचा ब्रश फिरवला की बहुतेक वेळा आकडा दुसऱ्याच दिवशी वर येतो. पाण्याच्या बाजूला क्षारांची खपली धरते, तिचंही तेच. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचं पाणी बंबात घालत असाल, तर ही खपली लवकर जमते.

मग जाळी. जुन्या बंबाच्या जाळीतून पेलेट खाली राखेत पडतात आणि न जळताच वाया जातात. त्यावर चार-पाच मिलिमीटर भोकांची पत्र्याची थाळी बसवून घ्या, आठ मिलिमीटरचा पेलेट तिच्यातून पडत नाही. पण त्याच भोकांत चुरा अडकला की हवा कोंडते आणि पिवळा धूर सुटतो. म्हणून पोतं फोडलं की आधी चाळा. खाली पडलेल्या चुऱ्याचंही वजन लिहा. पैसे तुम्ही त्याचेही मोजलेले असतात, आणि पेलेटवाल्याला दाखवायला तो आकडा लागतो.

राखेत काचेसारखे कडक खडे दिसले, तर राख वितळून गोळा झालेली आहे. कच्च्या मालात माती-वाळू आली की, किंवा राखेत पोटॅश जास्त असलं की असं होतं. खडे रोज काढायलाच हवेत. राखेचं वजन आठवड्यातून एकदा केलं तरी चालेल. शंभर किलोला लाकडी भुशाची राख एक-दोन किलो, भाताच्या तुसाची मात्र पंधरा किलोंच्या वर. चिपाडाचे म्हणून घेतलेल्या पेलेटची राख एवढी निघायला लागली, तर त्यात तूस मिसळलेलं असू शकतं.

ओल हा पाटण-महाबळेश्वरकडचा मोठा शत्रू. चांगला पेलेट कट्‌कन मोडतो, ओल धरलेला दबतो नि फुगतो. पोतं घरी आलं की वजन करून पोत्यावरच खडूनं लिहा. श्रावणात तेच न फोडलेलं पोतं पुन्हा काट्याला लावा. ५० चं ५२ भरलं, तर वरचे दोन किलो पाणी आहे, आणि ते उकळून घालवायला तुमचेच पेलेट जळणार. पावसाळ्याचा साठा मृगाआधी घ्या, फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर दूर.

गॅसशी तुलना करायची असेल, तर ती चुलीपुरती करा. पंख्याच्या शेगडीला भारतीय मानकाप्रमाणे किमान ३५ टक्के कार्यक्षमता हवी, बिनपंख्याच्या चुलीला २५ आणि गॅसच्या शेगडीला ६८. त्या हिशोबानं १४.२ किलोच्या एका सिलिंडरचं काम पंख्याच्या शेगडीवर साधारण ८० किलो पेलेट करतात, बिनपंख्याच्या चुलीवर ११२. तुमच्या सिलिंडरच्या दराला ८० नं भागा. समजा सिलिंडर ८८० रुपयांना पडतो, तर पेलेट किलोला ११ रुपयांच्या आत मिळाले तरच पैसे वाचतात. वाहतूक त्यात धरायला विसरू नका.

हिशोबात एक चूक वारंवार होते. काम संपल्यावर थाळीत निखारे उरतात, ते कुणी मोजत नाही. निखारा म्हणजे कोळसा, आणि किलोमागे त्यात पेलेटच्या जवळजवळ पावणेदोनपट उष्णता असते. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात तो विझवा. राख झटकून १०० ग्रॅम भरला, तर वापरातून १७० ग्रॅम वजा करा. तो डबा बाहेर ओट्यावर ठेवा. धुमसत्या निखाऱ्याला धूर नसतो, वासही नसतो, पण त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड बंद न्हाणीघरात माणसाचा जीव घेतो. थंडीचा कडाका कितीही असो, ऊब यावी म्हणून उरलेल्या निखाऱ्याची शेगडी झोपायच्या खोलीत नेऊ नका. आणि बंब न्हाणीघरातच असेल, तर त्याचं धुराडं छपराबाहेर गेलेलं आहे ना, ते आजच वर चढून बघा.