आबांगारेस: डोंगरातलं सोनं आणि ते काढणारी माणसं

मंडळी, कोस्टा रिका म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बारमाही हिरवं जंगल येतं, पण आज ज्या तालुक्याबद्दल बोलायचंय तो वेगळा आहे. आबांगारेस, गुआनाकास्ते प्रांतातला. डिसेंबर ते एप्रिल पाऊस जवळजवळ नाहीच, कुरणं पिवळी पडतात. खाली निकोयाच्या आखाताला लागून खारफुटी, मग सपाटीवर गुरं आणि भातशेती, आणि पूर्वेला एकदम तिलारानची डोंगररांग उभी राहते, तिच्याच वरच्या अंगाला मोंतेवेर्देचं ढगातलं जंगल. लास हुंतास हे तालुक्याचं गाव बरोबर पायथ्याशी.

सोनं आहे ते या डोंगरात. जुन्या ज्वालामुखी खडकाच्या भेगांतून गरम पाणी वर आलं, गारगोटीच्या शिरा तयार झाल्या आणि त्यात बारीक बारीक सोनं अडकलं, म्हणजे नदीत चाळणी घेऊन बसून भागत नाही, डोंगर पोखरावा लागतो, दगड फोडून दळावा लागतो, आणि त्याला भांडवल लागतं. ते आणलं मायनर कीथ या अमेरिकन उद्योजकाने. हाच तो माणूस ज्याने कॅरिबियन किनाऱ्यावरच्या लिमोन बंदराची रेल्वे 1890 मध्ये पुरी केली आणि 1899 मध्ये केळ्यांचा व्यापार करणारी युनायटेड फ्रूट कंपनी उभी करण्यात ज्याचा मोठा हात होता.

आता 1911 चा डिसेंबर. शिफ्ट सुटली की खाणकामगारांची अंगझडती व्हायची, कुणी सोनं लपवून नेतंय का म्हणून, आणि झडती घ्यायला खाणीच्या कंपनीने ठेवले होते जमैकाहून आलेले काळे पहारेकरी. रोजचा अपमान साचत गेला, भडका उडाला आणि मारले गेले ते पहारेकरी. मला हे वाचताना फार त्रास होतो, कारण ते बिचारेही पगारीच, घरापासून लांब आलेले, मालकाच्या केसालाही धक्का लागला नाही.

1930 च्या सुमारास खाणीची मोठी कंपनी गेली, माणसं मात्र तिथेच राहिली. स्वतःच्या हिमतीवर बोगद्यात उतरणाऱ्याला तिथे कोलिगायेरो म्हणतात. तो दगड आणतो, रास्त्रा नावाच्या घाण्यात पाणी आणि पारा घालून दळतो, पारा सोन्याला धरून ठेवतो, मग तो गोळा फडक्यात पिळून तापवायचा, पारा उडून जातो, सोनं उरतं. उडालेला पारा जातो कुठे? त्याच्याच छातीत, घरातल्या पोरांच्या छातीत आणि ओढ्यात. 2010 मध्ये देशाने वरून उघडा खड्डा करून खणायच्या खाणींवर बंदी घातली तेव्हा आबांगारेस आणि दक्षिणेकडच्या ओसा आणि गोल्फितो तालुक्यांतल्या छोट्या खाणकामगारांना पाऱ्याशिवायच्या पद्धतीकडे वळायला 8 वर्षांची मुदत दिली होती, पण पिढ्यान्पिढ्यांची सवय आणि रोजचं पोट, कागदावरची मुदत तिथे किती पुरणार?

गावात खाणीचं छोटं इंजिन जपून ठेवलंय, तुलिता म्हणतात त्याला, आणि वर डोंगरात खाणींचं इकोम्युझियम, म्हणजे जागच्या जागी जपलेलं संग्रहालय आहे, तिथे दगड फोडायच्या गिरणीचे अवशेष झाडीत उभे आहेत. माझं म्हणणं एवढंच की हा सगळा कंपनीचा वारसा झाला. कोलिगायेरोचा घाणा, त्याचे शब्द, शीर ओळखायची त्याची नजर, हेही तितक्याच काळजीने नोंदवून ठेवायला हवं, आणि म्हातारे जाणकार हयात आहेत तोवरच.