वाटणी, वाटप, फाळणी: सातबारा वाचण्याआधी हे शब्द समजून घ्या

नमस्कार मंडळी.

कोथरूड, वारजे, धायरी, वडगाव. या भागांतल्या दुकानांच्या पाट्या जरा नीट वाचा. पत्त्यात असं काहीतरी हमखास दिसतं.

[स्क्रीनवर: स. नं. 45, हिस्सा नं. 2/1]

इमारत नवीकोरी असते, पण पत्ता शेताचा असतो. स. नं. म्हणजे सर्व्हे नंबर. आणि हिस्सा नंबर सांगतो की त्या शेताचे कधीतरी भाग पडले. कधी खरेदी-विक्रीतून, पण बऱ्याचदा भावाभावांच्या वाटणीतून. आज याच शब्दावर बोलायचंय, कारण वाटणी आणि वाटप यांत घोळ झाला की घरातली माणसं वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढतात. ते बघून खरंच जीव तुटतो.

आता ही दोन वाक्यं ऐका. ‘आजोबांनी पेढे वाटले.’ आणि ‘भावांनी जमीन वाटून घेतली.’

क्रियापद एकच आहे. पण पेढा हातात पडेपर्यंत त्यावर तुमचा काही हक्क नव्हता. आजोबांनी दिला म्हणून मिळाला. जमिनीचं तसं नाही. वडिलोपार्जित एकत्र जमिनीत त्या भावांचा हक्क आधीपासून होताच, फक्त कुठला तुकडा कुणाचा हे ठरलेलं नव्हतं. म्हणून तिथे आपण ‘वाटून घेतली’ म्हणतो. पेढ्यांचं झालं ते वाटप, जमिनीची झाली ती वाटणी. कायदाही हेच धरून चालतो: वाटणीने कुणाला नवी मालकी मिळत नाही, जी सामाईक होती ती वेगळी होते, बस.

म्हणून एखादे काका म्हणतात ना, ‘मी माझ्या पैशांनी घेतलेल्या फ्लॅटची मुलांमध्ये वाटणी करून टाकली’, तेव्हा तो शब्द तिथे बसत नाही. स्वकष्टार्जित मालमत्ता एकट्याची असते. ती हयातीत द्यायची तर बक्षीसपत्र, आपल्या पश्चात द्यायची तर मृत्युपत्र. कागदाला वाटणीपत्र नाव दिलं म्हणून ती वाटणी होत नाही.

बोलताना मात्र लोक ‘वाटप’ही त्याच अर्थाने वापरतात. दिवाणी कोर्टात तर सर्रास ‘वाटपाचा दावा’ म्हणतात, आणि त्यात काही चूक नाही. शब्दाच्या मागे हक्क आधीचा आहे की नवा, तेवढं तपासायचं.

आता माझा सगळ्यात आवडता शब्द. सरस-निरस.

वाटणीच्या कागदात ‘सरस-निरस मानाने’ असं लिहितात. समजा, दौंडकडे दोन भावांची चार एकर जमीन आहे. दोन एकर कालव्याला लागून, काळी, ऊस होणारी. दोन एकर वर, मुरमाड माळ. एकाला खालचे दोन एकर, दुसऱ्याला वरचे दोन. मोजणीत वाटणी अगदी समान! पण कुठला भाऊ ती मान्य करेल? तिथे सरस-निरस बघायचं. म्हणजे कस, पाणी, रस्ता, सगळं धरून वाटे पाडायचे. मग माळ घेणाऱ्याला क्षेत्र जास्त द्यायचं, नाहीतर दोघांनाही दोन्हीकडचा तुकडा द्यायचा. या दुसऱ्या मार्गाने शेतं पिढी दर पिढी चिंचोळी होत जातात. मशागतीला हाल होतात. पण त्या अरुंद पट्ट्यांमागे कुणावर अन्याय होऊ नये ही धडपड असते, हे मला फार मोलाचं वाटतं. अर्थात तुकडे वाटेल तितके लहान करता येत नाहीत. त्यासाठी 1947 पासून तुकडेबंदीचा कायदा आहे.

आणि विहीर? ती कशी कापणार? विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरतात आणि हिस्सा आण्यांत लिहिला जातो. चार आणे, आठ आणे. 1957 मध्ये दशमान नाणी आली, व्यवहारातून आणा गेला, पण जुन्या कागदांवर तो अजून टिकून आहे. आठ आणे हिस्सा म्हणजे निम्मी विहीर, कारण पूर्ण म्हणजे सोळा आणे. ‘सोळा आणे खरं’ म्हणतो, त्यातलेच हे सोळा.

फाळणी म्हटलं की आपल्याला 1947 आठवतं. पण भूमी अभिलेख कार्यालयात आजही ‘फाळणी नकाशा’ मिळतो. सर्व्हे नंबरचे पोटहिस्से कसे पडले, ते त्यात दिसतं. शेतसाऱ्याचीही विभागणी होते, तिला आकारफोड म्हणतात. आणि फाळा म्हणजे वाट्याला आलेली पट्टी, म्हणजे कर. कोल्हापूरकर घराच्या कराला अजून घरफाळा म्हणतात. आपण पुण्यात मिळकतकर म्हणतो.

आता बहिणींविषयी. हे शांतपणे ऐका.

मुलीची साडीचोळीवर बोळवण व्हायची तो काळ कायद्याने संपवलाय. महाराष्ट्राने 1994 मध्ये हिंदू एकत्र कुटुंबातल्या मुलींना जन्मतः हक्क दिला, पण 22 जूनच्या आधी लग्न झालेल्यांना वगळलं. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने देशभर विवाहित-अविवाहित हा भेदच गेला. त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं.

मग काही घरांत एकदम आठवतं, ‘आमची वाटणी केव्हाच तोंडी झाली होती!’ म्हणूनच या कायद्यात वाटणीचा अर्थच लिहून ठेवलाय: नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा. तोही 20 डिसेंबर 2004 च्या आधीचा असेल तरच ती जुनी वाटणी अबाधित राहते. तोंडी वाटणी न्यायालय अपवाद म्हणूनच मान्य करतं, तीही सरकारी कागदपत्रांचा भक्कम आधार असेल तर.

तेव्हा ताई, ‘वाटणीचा कागद आहे, सही कर’ असं कुणी म्हटलं तर आधी वरचं शीर्षक वाचा. तिथे ‘हक्कसोडपत्र’ लिहिलं असेल, तर त्या कागदाने तुम्हाला वाटा मिळत नाही, तुमचा वाटा तुम्ही सोडून देता. तो कागद घरी घेऊन या, आपल्या ओळखीच्या वकिलाला दाखवा, आणि सही करायची की नाही ते त्यानंतर ठरवा.