'मीट द रॉबिन्सन्स': दारापर्यंत पोचून लुईस मागे का फिरला?

नमस्कार मंडळी!

रात्रीची वेळ, धो धो पाऊस. डोक्यावरून कपडा ओढून घेतलेली एक बाई अनाथाश्रमाच्या पायऱ्या चढते, तान्हं बाळ दाराशी ठेवते आणि अंधारात निघून जाते. तिचा चेहरा आपल्याला दिसत नाही. त्या बाळालाही कधी दिसला नाही.

आज ज्या सिनेमाबद्दल बोलणार आहे, तो इथून सुरू होतो. 'मीट द रॉबिन्सन्स'. डिस्नेचा, मार्च 2007 मध्ये आलेला, विल्यम जॉइस यांच्या मुलांसाठीच्या चित्रमय पुस्तकावर बेतलेला. टाइम मशीन आहे, डायनासोर आहे, गाणारे बेडूक आहेत. आमच्या घरात हा सिनेमा कितीतरी वेळा बघून झालाय आणि अजून एकमत झालेलं नाही. म्हणून म्हटलं, ही मतं तुमच्यासमोर मांडावी. शेवटापर्यंत सगळं सांगणार आहे, त्यामुळे ज्यांनी बघितला नाही त्यांनी आधी बघून या.

गोष्ट थोडक्यात. लुईस बारा वर्षांचा आहे, डोक्याने तल्लख. दत्तक जाण्यासाठी 124 भेटी झाल्या, एकही जमली नाही. मग तो एक यंत्र बनवायला घेतो, मेंदूतली विसरलेली आठवण पडद्यावर दाखवणारं. कशासाठी? त्या पावसातल्या बाईचा चेहरा बघायचाय. विज्ञान प्रदर्शनात यंत्र बंद पडतं, विल्बर नावाचा मुलगा टपकतो आणि लुईसला 30 वर्षं पुढच्या काळात घेऊन जातो.

आता तक्रारी. पहिली तक्रार सगळेच करतात: मधला भाग म्हणजे नुसता गोंधळ. विल्बरच्या, म्हणजे रॉबिन्सनांच्या, घरात एवढी माणसं आहेत की कोण कोणाचं कोण, हे कळेपर्यंत पुढचा माणूस आलेला असतो. आजोबा कपडे उलटे घालतात, एका काकांची बायको म्हणजे हातातली बाहुली, नोकर म्हणून ऑक्टोपस. माझ्या नवऱ्याने इथे पहिल्यांदा मोबाइल हातात घेतला होता. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, वीस मिनिटं खरंच दम लागतो.

पण तेच जेवणाचं टेबल लुईसच्या खुर्चीवर बसून बघा. आजवर त्याला भेटायला आलेले लोक समोर बसायचे, पारखायचे, निघून जायचे. इथे त्याला कोणी पारखत नाही. पीनट बटर आणि जॅम उडवणारं एक यंत्र बिघडलेलं असतं, ते तो दुरुस्त करायला घेतो आणि सगळ्यांच्या अंगावर जॅमचा सडा पडतो. पोरगं भीतीने आक्रसून उभं राहतं, आता ओरडा बसणार. आणि ते अख्खं घर टाळ्या पिटतं! फसलास? शाब्बास, आता काहीतरी शिकलास! ज्या मुलाला 124 वेळा नकार मिळालाय, त्याचा तो क्षणभराचा चेहरा बघा. मला तरी नंतर त्या गर्दीतला एकही माणूस जास्तीचा वाटला नाही.

दुसरी तक्रार काळाच्या गणिताची. माझा भाचा वही-पेन घेऊन बसला होता. लुईस शेवटी डॉरिसला, म्हणजे भविष्यात त्यानेच बनवलेल्या आणि खलनायकाच्या डोक्यावर बसलेल्या दुष्ट टोपीला, सांगतो की मी तुला कधी बनवणारच नाही, आणि ती नाहीशी होते. मग भाच्याचा प्रश्न: टोपीच नसेल तर प्रदर्शनात यंत्र बिघडवलं कोणी, आणि विल्बर मागे आलाच कशाला? बरोबर आहे बाळा. गणित सुटत नाही. सिनेमालाही ते सोडवायचं नाहीये, पुढे जाऊ.

तिसरी तक्रार मात्र मला मान्य नाही. म्हणे खलनायक लेचापेचा आहे. लांब मिशी, काळी बोलर हॅट, प्रत्येक डाव त्याच्याच अंगावर उलटतो. आणि सूड कशाचा? तर लहानपणी एक कॅच सुटला म्हणून!

अहो, पण तो कोण आहे? तो गूब. अनाथाश्रमात लुईसच्याच खोलीत राहणारा चिमुरडा. आदल्या रात्री लुईस यंत्रावर खुडबुड करत बसतो आणि त्यात या पोराला झोप मिळत नाही. दुसऱ्या दिवशी बेसबॉलचा सामना. गूब मैदानातच पेंगतो, चेंडू शेजारी पडतो, संघ हरतो, पोरं त्याला बदडतात. गल्लीत टेनिस बॉलचा शेवटचा कॅच ज्याने सोडलाय, त्याला विचारा ती संध्याकाळ कशी जाते. आपल्याला घरी गेल्यावर कोणीतरी जवळ घेतं. गूबला घर नव्हतं. तो मोठा झाला तरी त्या बंद पडलेल्या अनाथाश्रमातच राहिला, आणि काळ्या कोटाच्या आत अंगात अजून तोच लहानपणीचा खेळाचा गणवेश आहे. हे बघून कोणाला हसू येत असेल तर येवो, मला येत नाही.

आणि कळीचा मुद्दा हा की चूक लुईसची होती. आपल्या लाडक्या नायकाची. त्याने मुद्दाम काही केलं नव्हतं, त्याला फक्त आईचा चेहरा हवा होता. त्या नादात शेजारच्या कॉटवरचं पोर त्याला दिसलंच नाही. मुलांच्या सिनेमात एवढी अवघड गोष्ट इतक्या सरळपणे सांगितलेली मी फार कमी वेळा पाहिलीय.

हा खलनायक आधी असा नव्हता. 2006 मध्ये डिस्नेने पिक्सार हा ॲनिमेशन स्टुडिओ विकत घेतला आणि पिक्सारच्या जॉन लॅसेटर यांच्याकडे डिस्नेच्या ॲनिमेशनची सूत्रं आली. हा सिनेमा तेव्हा बनतच होता. खलनायकाचा धाक वाटत नाही, असं त्यांनी दिग्दर्शकाला सांगितलं. पुढच्या दहा महिन्यांत जवळपास 60 टक्के सिनेमा मोडून नव्याने केला गेला. डायनासोरचा पाठलाग तेव्हा आला, शेवटही बदलला.

दिग्दर्शकाचं नाव स्टीफन अँडरसन. ते स्वतः दत्तक गेलेलं मूल. या बोलर हॅटवाल्याचा आवाज त्यांचा आहे. आणि लुईसला शेवटी दत्तक घेणारे बड, म्हणजे भविष्यातले ते उलटे कपडे घालणारे आजोबा, त्यांचाही आवाज अँडरसन यांचाच. ज्या पोराला कोणी नेलं नाही तो, आणि जो पोराला घरी घेऊन गेला तो, दोघं एकाच गळ्यातून बोलतात. हे कळल्यावर मी सिनेमा त्याच रात्री परत लावला.

आता तो प्रसंग. विल्बर कबूल केल्याप्रमाणे लुईसला त्या पावसाच्या रात्री नेतो. आई समोर, पाठमोरी. लुईस तिच्यापर्यंत जातो. हात पुढे करतो, खांद्यापासून वीतभर अंतरावर. आणि हात मागे घेतो.

मला वाटतं त्याने बरोबर केलं. पुढे त्याचं घर आहे, रॉबिन्सनांचं तेच घर, हे त्याने पाहिलंय. तिला थांबवलं असतं तर ते घर उरलं नसतं.

पण माझी मावसबहीण आमच्या मावशीने दत्तक घेतलेली आहे. ती पंधरा वर्षांची असताना आम्ही हा सिनेमा एकत्र पाहिला. तिने रिमोट घेतला, तेवढाच प्रसंग मागे नेला, पुन्हा पाहिला आणि म्हणाली, "ताई, निदान चेहरा तरी बघायचा ना त्याने." आपल्याकडे दत्तक मूल 18 वर्षांचं झालं की आपल्या जन्माविषयी स्वतः विचारणा करू शकतं, पण जन्मदात्रीने नाव उघड करायला नकार दिला असेल तर ते नाव मिळत नाही. तिला हे तेव्हाही माहीत होतं. आज ती नोकरी करते, मावशीचा जीव की प्राण आहे, आणि या प्रसंगाबद्दल तिचं मत तसूभर बदललेलं नाही. मी तिच्याशी वाद घालत नाही. या प्रसंगावर माझ्यापेक्षा तिचा हक्क मोठा आहे.

तिला आवडणारा प्रसंग वेगळाच आहे. परत आल्यावर लुईस आधी मैदानाकडे पळतो आणि पेंगलेल्या गूबला हाक मारतो. गूब दचकून डोळे उघडतो, हात वर करतो, आणि चेंडू थेट ग्लोव्हमध्ये.

तुम्ही कोणाच्या बाजूने? माझ्या की माझ्या बहिणीच्या? कमेंटमध्ये लिहा, ती सगळ्या वाचते.